राणीचा हिरवा परकर

(साल एकोणीसशे सत्तावन्न. सकाळची वेळ. जाफराबादेहून केदारखेड्याकडं परतणारी बैलगाडी. मच्छिंद्र गाडी हाकतोय. त्याची बायको गोजरबाई मागं कडब्यावर बसलीय, अन् काल तंबूतला सिनेमा पाहिल्यापासून तिचं डोकं फिरलेलं.)

गोजरबाई : "ही नव्हं" म्हणले तुमी. चांदावरची राणी पडद्यावर आली अन् तुमच्या तोंडातून निघालं, "ही नव्हं." म्या बराबर ऐकलं.

मच्छिंद्र : म्हणलो आसंल. आठ वर्सांचं पोरगं व्हतो तवा पाह्यल्ता हा सिनेमा. चांद केवढा वाटल्ता! काल पाह्यला तर भाकरीएवढा. अन् उडत्या इमानाची दोरी दिसून राह्यली व्हती. समदा तंबू हसला.

गोजरबाई : इमानाचं मला सांगू नका. इमान तुमी सांगायचे तसंच उडालं, दोरीनं का हुईना. लोखंडी माणूस बी तसाच चालला. एक राणीच तेवढी तशी न्हाई, हे कसं काय?

मच्छिंद्र : फिलम जुनी झाली. पुसली आसंल.

गोजरबाई : पुसून दात उगवतो व्हय?

मच्छिंद्र : दात?

गोजरबाई : लग्न झाल्यापासून ऐकून राह्यले मी. राणीचा हिरवा परकर. राणी हसली की पुढचा एक दात पडलेला. अन् हसणं कसं, तर मडक्यात चिंचोके हलवल्यासारखं. म्या म्हणलं, राणी अन् परकर? राणी अन् दातपडकी? मंग म्हणलं, आसंल बाई, चांदावरची रीत येगळी. किती येडी मी! काल पाह्यलं तर तिला बत्तीसच्या बत्तीस दात. अंगावर जरीचं लुगडं. अन् हिरवं कुठलं, समदा सिनेमाच काळा-पांढरा! वर मुका! ती नुस्तं तोंड हलवती अन् तंबूवाल्याचा माणूस वाचून दाखवतो. मंग तुमी हसणं ऐकलं कोणाचं?

मच्छिंद्र : हाऽ, ढवळ्या, नीट चाल!

गोजरबाई : ढवळ्या नीटच चाललाय. तुमी बोला.

मच्छिंद्र : मामा जालन्याला एका वकिलाच्या घरी घोडं सांभाळायचा. त्या वकिलाची पोरगी व्हती. मामानं आमाला दोघांला सिनेमाला नेल्तं. माझ्या बाजूला बसल्ती. झालं? एवढंच.

गोजरबाई : हिरवा परकर घालून?

मच्छिंद्र : हां.

गोजरबाई : दात पडलेला?

मच्छिंद्र : अगं, माझ्याएवढीच पोर ती! पडणारच दात!

गोजरबाई : मंग पुढं काय वाढलीच न्हाई व्हय ती? गोरी व्हती?

मच्छिंद्र : तंबूत अंधार व्हता. मला काय ठावं!

गोजरबाई : अंधारात परकराचा रंग बरा दिसला!

मच्छिंद्र : अगं बाई, पुन्हा तिचं तोंड पाह्यलं न्हाई म्या. तो लोखंडी माणूस आला अन् मी भेलो. रडाया लागलो. तिनं माझा हात धरला, हसली अन् म्हणली, "भिऊ नकोस, आत माणूसच आहे." बस.

गोजरबाई : हात धरला.

मच्छिंद्र : लेकरं व्हतो आमी!

गोजरबाई : अन् रझाकाराच्या टायमाला? आपण दोघं कडब्याच्या गंजीत दडल्तो, भायेर घोडे फिरून राह्यले व्हते. मी लटलट कापत व्हते. तुमी माझा हात धरून कानात राणीची गोष्ट सांगितली. मला वाटलं, माझा माणूस माझं भ्या काढून राह्यला. तवा बी तीच तुमच्या डोळ्यांपुढं! गंजीत आपण तिघं व्हतो, अन् मला पत्ताच न्हाई!

मच्छिंद्र : तसं नव्हतं, गोजर. मला बी भ्या वाटत व्हतं. भ्या वाटलं की मला तेवढंच याद येतं.

गोजरबाई : मी न्हाई याद येत.

मच्छिंद्र : तू तर संगंच व्हतीस.

गोजरबाई : समजूत घालू नका. बिलकुल घालू नका. जळू द्या मला. नाव काय तिचं?

मच्छिंद्र : आता नाव कशाला?

गोजरबाई : काल त्या वाचणाऱ्यानं राणीचं नाव इंदुमती वाचलं. दोनदा वाचलं. आपली पोर झाली तवा तुमची बहीण ठकू ठिवा म्हणत व्हती, मी कौसा म्हणत व्हते. तुमी हट्ट धरला, चांदावरच्या राणीचं नाव ठिवायचं. आता सांगा, वकिलाच्या पोरीचं नाव काय?

मच्छिंद्र : गोजर...

गोजरबाई : सांगा.

मच्छिंद्र : अरुंधती.

गोजरबाई : गाडी थांबवा.

मच्छिंद्र : अगं, ऊन चढलंय.

गोजरबाई : थांबवा म्हणते ना! मी पायी येते. आठ वर्सं! न्हाऊ घातलं, तापात उशाशी बसले, अन् हाक मारली तर तिच्या नावानं! गावात बायांपुढं मिरवत व्हते मी, म्हणायची, तुमच्या ठकू अन् कौसा, अन् माझी बघा, अरुंधती! आग लागो माझ्या मिरवण्याला.

मच्छिंद्र : बदलू नाव. तू म्हणशील ते ठिवू. कौसा ठिवू.

गोजरबाई : अन् पोरीला काय सांगायचं? पाटीवर लिहिती ती ते नाव. तिचा काय गुन्हा? नाव ऱ्हाईल.

मच्छिंद्र : मंग?

गोजरबाई : पण ते आता माझं. म्या वाढवलंय ते. आजपासून तुमी त्या नावानं हाक मारायची न्हाई. मी मारीन.

मच्छिंद्र : सोताच्या लेकीला?

गोजरबाई : सोताच्या लेकीला.

मच्छिंद्र : अन् तिनं सिनेमाचं इचारलं तर? आजीजवळ ठिवून गेलो म्हणून रुसून बसली आसंल.

गोजरबाई : मी सांगीन. जरीचं लुगडं अन् बत्तीस दात.

मच्छिंद्र : बरं. बस आता गाडीत. पाय पोळतील.

गोजरबाई : पोळू द्या. पांदीतून निघालं की घरच हाय. ती बघा, दारातच उभी हाय वाट पाहात. हं, मारा हाक.

मच्छिंद्र : ए अ... ए पोरी, बैलांना पाणी आण गं.