लाल फडक्यातली वाटी

आमच्या ह्यांची ती बुटकी, लांब हँडलची गाडी आठवते ना? वळताना तिचं हँडल मध्येच अडकायचं. बाळाला मांडीवर घेऊन मी मागे जीव मुठीत धरून बसायची. शेवटी सांगून टाकलं, हँडल नीट होईस्तोवर बाळ ह्या गाडीवर बसणार नाही.

निजामपुऱ्यातल्या सलीमभाई मेकॅनिकनी पुढचे शॉकअप खोलले, ऑइल बदललं, हँडलचे बेअरिंगही नवे टाकले. तरी तेच. तिसऱ्या खेपेला मीही ह्यांच्याबरोबर गेले.

"भाई, हँडल धीरे घुमाओ," म्हटलं आणि वाकून बघितलं. टाकीसमोर बांधलेलं दसऱ्याचं लाल फडकं हँडलखाली चेपत होतं.

"ये खोलके क्यूं नहीं देखा?"

"पूजा का है भाभी, हम कैसे हाथ लगाते? और कपडा ही तो है."

"कपडा नहीं, अंदर खोबऱ्याची वाटी आहे."

हे माझ्याकडे बघतच राहिले. "वाटी कोणी घातली?"

"मीच. तुम्ही रोज दापोड्याच्या कामावरून सुखरूप यावं म्हणून."

मी तिथंच गाठ सोडली. हँडल अलगद फिरलं.

सलीमभाई हात पुसत म्हणाले, "भाभी, अगले दसरे को सुपारी बांधना."