उशामागची भिंत

डिझायनर: ...टेपचं ते टोक तिथंच धरा काकू, कॉटच्या पायाशी. काका, तुमच्या अंगावरून टेप गेली तर चालेल ना?

भाऊजी: अंगावरून ट्रक गेलाय, मॅडम. टेपचं काय घेऊन बसलात!

वहिनी: असलं अभद्र बोलू नका हो, भाऊजी.

डिझायनर: साडेअकरा फूट. मस्त! म्हणजे बाहेरची जेवणाची जागा आणि ही खोली मिळून एकच लांब हॉल होतो. मधे तुळई टाकावी लागेल, पण ते काही अवघड नाही. अठरा माणसं एका टेबलावर, आणि खुर्ची मागं सरकवली तरी वाढणारा मोकळा फिरेल. फक्त ही एक भिंत काढायची.

भाऊजी: कुठली भिंत?

डिझायनर: ही. तुमच्या उशामागची.

भाऊजी: आणि उशी?

डिझायनर: म्हणजे, तुम्ही गेल्यावर... काकू, तुम्ही फोनवर म्हणाला होतात ना, पुढच्या महिन्यात ही खोली रिकामी होतेय म्हणून?

भाऊजी: अच्छा. मी कुठं चाललोय, वहिनी? जरा मलाही कळू द्या.

डिझायनर: मी... मी गाडीतून वही घेऊन येते हं.

भाऊजी: बसा मॅडम. वही तुमच्या हातातच आहे. वीस वर्षं शाळेत पोरांना खेळ शिकवलेत मी. पंच मैदान सोडून गेला की मारामारी ठरलेली. बसा त्या स्टुलावर.

वहिनी: मी आज जेवताना सांगणार होते.

भाऊजी: काल दाढी करताना का नाही सांगितलंत?

वहिनी: हातात वस्तरा होता.

भाऊजी: तेही खरंच.

वहिनी: चांगली जागा आहे हो. मी दोनदा जाऊन बघून आले. रात्रंदिवस नर्स असते. स्वच्छ आहे. खिडकीतून झाडं दिसतात.

भाऊजी: झाडं! माझं तोंड छताकडे असतं, वहिनी. छत कसं आहे तिथलं?

वहिनी: ...पांढरं आहे.

डिझायनर: काकू, मी एक सुचवू का? या खोलीला हातच लावायचा नाही. टेबल मागच्या अंगणात काढू. वर छत, तिन्ही बाजूंनी काचा. ऊन येईल, उजेड येईल, अठराच काय, वीस जण बसतील. मग कोणालाच कुठं जायला नको.

वहिनी: नको.

डिझायनर: का पण? याहून सोपं पडेल.

वहिनी: नको म्हटलं ना एकदा!

भाऊजी: वहिनी, मॅडमना निम्मंच सांगून पुरा नकाशा मागताय तुम्ही. सांगून टाका की.

वहिनी: काय सांगू?

भाऊजी: बरं, मी सांगतो. मॅडम, मागच्या सुट्टीत वहिनींची तिन्ही मुलं आली. सुना, जावई, नातवंडं, सगळा गोतावळा. टेबल सहा जणांचं. कोणी ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर, कोणी जिन्याच्या पायरीवर. आणि ऐन जेवणाच्या वेळी माझी लघवीची पिशवी निसटली. दार उघडं होतं. धाकट्या नातीला तिथंच ओकारी आली, सूनबाई ताट तसंच टाकून उठली. संध्याकाळी सगळे हॉटेलात राहायला गेले. काय, तर म्हणे घरात जागा नाही. जागा होती मॅडम. वास होता.

वहिनी: कोणी तसं म्हटलं नाही, भाऊजी.

भाऊजी: म्हणायला कशाला हवं? मान मोडलीय माझी, नाक नाही.

डिझायनर: मला हे माहीत नव्हतं, काका. खरंच.

वहिनी: थोरला जाताना म्हणाला, पुढच्या वर्षी आम्ही सगळे मिळून कुठंतरी बंगला घेऊ, आई, तूही ये. मी म्हटलं, अरे, मी आले तर काकाला कोण बघणार? तर म्हणाला, तेच तर. एवढंच. 'तेच तर.' आणि गाडीचं दार लावून घेतलं.

भाऊजी: त्याला पोहायला मी शिकवलं.

वहिनी: माहीत आहे मला.

भाऊजी: नुसतं सांगतोय.

वहिनी: नऊ वर्षं झाली. हे होते तोवर दोघं होतो, हे गेल्यापासून मी एकटी. भरवायचं, पुसायचं, रात्रीतून उठून कूस बदलायची. खांदा पार गेलाय माझा. स्वतःचे केस विंचरता येत नाहीत. कधी हूं की चूं केलं मी? केलं असेल तर सांगा.

भाऊजी: नाही केलंत.

वहिनी: नातवंडं फोनवर आजी आजी करतात, आणि समोर आली की आईच्या मागं लपतात. एकदा, फक्त एकदा मला सगळ्यांना एका टेबलाशी बसलेलं बघायचंय. कोणी नाकाला रुमाल लावलेला नको, कोणी घड्याळ बघायला नको. मला त्यांना वाढायचंय हो. हे पाप आहे का?

भाऊजी: नाही.

वहिनी: मग शिव्या तरी द्या मला. असं नुसतं नाही-नाही नका म्हणू.

भाऊजी: शिव्या दिल्या तर तुमचा खांदा वर जाणार आहे का?

डिझायनर: काकू, हे घ्या, पाणी प्या. मी दुसऱ्या दिवशी येते ना. घाई नाही काही.

भाऊजी: टेबल कसलं करताय, मॅडम?

डिझायनर: काका, ते राहू द्या आता.

भाऊजी: मी विचारतोय. माझ्या खोलीत येतंय ते, मला विचारायचा हक्क आहे.

डिझायनर: सागवानी. एकसंध, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

भाऊजी: एकसंध नको. पोरं येणार दोन दिवस. बाकीचं वर्ष या बाईनं काय सतरा रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून जेवायचं? तीन टेबलं करा. जोडली की लांब होतील, एरवी दोन भिंतीला लावून ठेवता येतील.

डिझायनर: हो. तसं करता येईल.

भाऊजी: लहानांच्या बाजूला बाक करा. बाकावर पोरं दाटीवाटीनं बसतात, खुर्च्यांवर भांडतात. आणि भांडी ठेवायला कट्टा करा, तो कमरेइतकाच. वर फळ्याबिळ्या नकोत, यांचा हात पोचत नाही. लिहून घेताय ना?

डिझायनर: घेतेय, काका.

वहिनी: पुरे करा, भाऊजी.

डिझायनर: काका, टेबलाच्या या टोकाला मी खुर्ची धरत नाही. चाकांची खुर्ची लागेल एवढी जागा मोकळी ठेवते. सुट्टीत तुम्हाला एका दिवसासाठी आणता येईल. का नाही येणार?

भाऊजी: ठेवायची का जागा, वहिनी?

डिझायनर: काकू?

भाऊजी: वहिनी, मॅडम थांबल्यात.

वहिनी: मी... मी चहाचं बघते.

भाऊजी: नका ठेवू, मॅडम. तिथंही खुर्चीच धरा.

(पुढच्या सुट्टीतली संध्याकाळ. फोनवर.)

वहिनी: भाऊजी? ऐकू येतंय का नीट?

भाऊजी: येतंय. नर्सनं कानाशी उशीवर ठेवलाय फोन. बोला. पांगली का मंडळी?

वहिनी: आत्ताच शेवटची गाडी गेली.

भाऊजी: हॉटेलात?

वहिनी: नाही हो, घरी. आपापल्या घरी. तीन दिवस इथंच राहिले सगळे. खाली-वर अंथरुणं घालून.

भाऊजी: मावले सगळे टेबलाला?

वहिनी: मावले. बाकावर तर पाच पोरं बसली एका रांगेत. धाकटी माझ्या मांडीवर. तिला मीच भरवलं. थोरल्यानं ह्यांची नक्कल केली, ते चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधायचे ना, तशी. जावईबापूंच्या नाकातोंडातून पाणी आलं हसून हसून. जेवण झालं तरी कोणी उठेना. हात वाळून गेले सगळ्यांचे.

भाऊजी: वा. आणि तुम्ही? उभ्याच?

वहिनी: बसले की. त्यांच्यातच बसले. सूनच म्हणाली, आई, बसा, आम्ही घेतो वाढून.

भाऊजी: बरं झालं.

वहिनी: भाऊजी...

भाऊजी: बोला.

वहिनी: तीन दिवसांत मला एकदाही तुमची आठवण आली नाही. एकदाही नाही. कोणी विचारलं नाही आणि मलाही आली नाही. आत्ता गाडी वळली, दार लावलं, तेव्हा आली.

भाऊजी: हं.

वहिनी: काहीतरी बोला ना.

भाऊजी: काय बोलू? दमला असाल. झोपा आता.

वहिनी: रागावलात?

भाऊजी: नाही हो. पण फोन तुम्हीच ठेवा, वहिनी. मला ठेवता येत नाही.