भाकरीला बी.ए.

तुम्हाला खोटं वाटंल, पण हे आमच्याच घरात झालंय. माझी वहिनी कंधारला मुलींच्या सरकारी वसतिगृहात बारा वर्षं कंत्राटावर स्वयंपाक करून राहिली. तिथं कायम जागा निघाली, तर अट काय? उमेदवार पदवीधर पाहिजे. भाकऱ्या थापायला पदवी! वहिनी बारावी. पण ती गप बसली न्हाई. मुक्त विद्यापीठात नाव घातलं, डाळ शिजेपर्यंत पुस्तक उघडून बसायची, आन् बी.ए. झाली.

मागच्या वर्षी पुन्हा जाहिरात निघाली. मी तिला घेऊन नांदेडच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी तिची पदवी पाहिली आन् कपाळाला हात लावला.

"बाई, पदवीची अट काढली की आता."

"बरं झालं, साहेब. मग मी चालते न्हवं?"

"न्हाई. पदवीधरांची लई गर्दी होते म्हणून फक्त बारावीपर्यंतचेच घेतो. पदवीधर बाद."

साहेब हळूच म्हणाले, "अर्जात बी.ए. लिहूच नका. कोण बघतंय?"

वहिनीनं पेन घेतलं आन् शिक्षणाच्या रकान्यात ठळक लिहिलं, बी.ए.

"वहिनी, अहो नोकरी जाईल!" मी ओरडलोच.

"जाऊ द्या, भावजी. रोज त्या पोरींना शिका म्हणते. आन् मीच शिकलेलं लपवू?"

अर्ज बाद झाला. त्या जागेवर बारावी झालेली एक बाई लागली. तिला भाकरी जमंना. सध्या कंत्राटावरची वहिनीच तिला शिकवून राहिली.