बॉनेटवरचा हात

देवाशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा! गॅरेजच्या बाकावर बसून या कानांनी ऐकलाय. सुईणबाई जुनी जीप घ्यायला आल्या होत्या. डोंगरावर तिघींचे दिवस भरत आले होते.

"तीन लाख किलोमीटर पळालीय मावशी, पण इंजिन म्हणजे वाघ! दोन लाख द्या," गॅरेजवाला म्हणाला.

बाईंनी बॉनेटवर हात ठेवला. "हे गरम कसं रे?"

"उन्हानं."

"या ढगात? मी यायच्या आधी सुरू करून ठेवलीस. गार इंजिन दगा देतं ना?"

"काहीतरीच!"

"मग गार होऊ दे. बसते मी."

"अहो, संध्याकाळ होईल!"

"पहिलटकरणीपाशी दोन-दोन दिवस बसते मी. पहाटे तुझा वाघ झोपून राहिला, तर बाळ थांबणारे का?"

संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर बाईंनी चावी फिरवली. पहिल्याच फटक्यात जीप गुरगुरली.

"दीड लाख," बाई म्हणाल्या.

"न्या, मावशी."

बरं बाई, एक थाप मारली. पहिल्या नाही, चौथ्या फटक्यात गुरगुरली. म्हणून तर बाई आता रोज कोंबड्याच्या आधी उठून बॉनेट गरम करून ठेवतात.