लंडन, सिंगापूर आणि चारची कॉफी

अरे, जहाजांच्या भांडणांवर आमचं पोट चालतं, तेही बंगळुरूच्या कोरमंगलात बसून. मी लंडनच्या वकिलांचं काम बघतो, शेजारच्या खुर्चीतली दीपा सिंगापूरच्या. परवा मुंबईच्या एका जहाजमालकाने दोघांना एकाच ऑनलाइन मीटिंगला बोलावलं. करारातले वाद लंडनमध्ये मिटवायचे की सिंगापुरात, ते तो ठरवणार होता. आम्ही एकाच ऑफिसात बसतो, हे त्याला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून स्क्रीनवर माझ्यामागे थेम्सचा फोटो, दीपामागे सिंगापूरचं बंदर.

तेवढ्यात ऑफिसचे मंजूअण्णा चारची कॉफी घेऊन आले. ते मीटिंगबिटिंगसाठी थांबत नाहीत. त्यांचा हात लंडनमधून बाहेर पडला आणि थेट सिंगापुरात उगवला.

"स्वल्प गरम है," त्यांनी दोघांनाही बजावलं.

मालक शांतपणे म्हणाला, "दोन्ही पक्षांना सारखं वागवणारा हा एकच माणूस दिसला. लवाद म्हणून यांनाच नेमा."