ओल्या फडक्याखालचा पाव

शांताबाई : पाव उघडेच पडले होते वं टोपल्यात. वारा लागून वाळले असते. म्हणून झाकले.

अश्विनी : कशानं?

शांताबाई : लुगड्याच्या फडक्यानं. ओलं करून, पिळून. पोळ्या झाकतो तसे.

अश्विनी : आत्याबाई, अहो हा व्हिएतनामचा पाव आहे! वरून कडकच पाहिजे. दाबला की पापडासारखा मोडला पाहिजे. हा बघा, नुसता वाकतोय.

शांताबाई : माले काय माहीत? जन्मभर मऊ राहावं म्हणूनच झाकत आले.

अश्विनी : मुद्दाम तर नाही ना केलं? मी पाव विकावेत हे पहिल्यापासून तुमच्या मनात नव्हतंच.

शांताबाई : मुद्दाम करायचं असतं तर कुत्र्याले टाकले असते. फडकं कशाले पिळत बसले असते?

अश्विनी : तो कॅफेवाला आत्ता येईल. त्यानं रोजचे पाव घेतले असते तर साड्यांना खडे चिकटवणं सुटलं असतं माझं. त्या गोंदानं डोळे सोलून निघतात.

शांताबाई : माझे काय काचेचे आहेत? मी तुझ्या आधीपासून चिकटवतेय.

(दाराशी स्कूटर थांबते.)

सौरभ : हेच ना अश्विनीताईंचं घर? डिंडोलीत विचारत विचारत पोचलो. मी सौरभ, अडाजणच्या कॅफेतून. या सासूबाई का?

अश्विनी : हो. बसा सौरभभाई. पाव जरा नरम पडलेत. थांबा, तव्यावर कडक करून देते.

सौरभ : नको, असाच द्या. भरलाय काय?

अश्विनी : पनीर, काकडी, कोथिंबीर, मिरची. व्हिनेगरमध्ये मुरवलेलं गाजर आणि मुळा.

सौरभ : वा. मस्त! गाजर-मुळा मात्र काढा. माझं अर्धं गिऱ्हाईक जैन आहे, कंद चालत नाही.

अश्विनी : कोबी मुरवते त्याऐवजी. त्यात काही अडत नाही.

सौरभ : आणि पाव हाच. एकदम सॉफ्ट. मी दुसऱ्या एकाकडे खाल्ला होता, टाळू सोलला. सोमवारपासून रोज पाठवा.

शांताबाई : साहेब, हा पाव बिघडलेला आहे. मीच बिघडवला. ओलं फडकं टाकलं.

सौरभ : मग रोज टाका, मावशी!

अश्विनी : नाही टाकणार.

सौरभ : म्हणजे?

अश्विनी : हा नाही द्यायचा मला. कडक घ्याल तर देते.

सौरभ : ताई, पाटीवर मी ‘व्हिएतनामी’ लिहिणार. इथे व्हिएतनाम कोणी बघितलंय?

अश्विनी : मीही नाही बघितलं. डुमसच्या हॉटेलात भांडी घासायचे, तिथं तिकडची एक बाई आचारी होती. मोरीतून उठवून तिनं मला पीठ मळायला लावलं. काही लपवलं नाही. आता तिच्या गावाचं नाव लावून बिघडलेला पाव विकू?

सौरभ : गिऱ्हाइकाला काय कळतंय!

अश्विनी : हेच ते. साडीवाला आम्हाला सडका गोंद देतो, तोही म्हणतो, बायकांना काय कळतंय. मऊ हवा तर कोपऱ्यावर हिलालभाऊंची भट्टी आहे, मी तिथंच भाजते. लादीपाव घ्या, पाटीही लादीपावाचीच लावा.

सौरभ : धंदा असा होत नाही, ताई. विचार बदलला तर फोन करा. येतो, मावशी.

शांताबाई : या.

अश्विनी : गेला.

शांताबाई : जाऊ दे. गोड बोलत होता, पण ऐकत नव्हता.

अश्विनी : द्या तो साड्यांचा गठ्ठा इकडे.

शांताबाई : राहू दे. आज तुझ्या वाटच्या मी करते. तू पुन्हा भट्टीवर जा. कारखान्याची पाळी सुटते तेव्हा तिथं गेटावर टोपलं घेऊन बस.

अश्विनी : तिथं वडापाव सोडून हा कोण घेईल?

शांताबाई : पहिला मी घेईन.

अश्विनी : कडक असतो, आत्याबाई. चाववेल का तुम्हाला?

शांताबाई : डाव्या बाजूचे दात आहेत अजून.