बाहीतली पाटली

चालू झालं का रेकॉर्डिंग? बरं. तर मी सुनंदा, माहेर खडकीचं. वडील चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे, दुकान दुसऱ्याचं, हात आमच्या वडिलांचे, आणि शाळा सुटली की मी तिथेच स्टुलावर बसायची, काच उजेडात धरायची आणि सांगायची, बाबा, इथे ओरखडा राहिलाय, की ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, या पोरीच्या नजरेतून काही सुटत नाही. कौतुकानं म्हणायचे हं. आता ते वाक्य आठवायला नको वाटतं, का ते पुढे सांगते.

तुला मंडळाच्या अंकासाठी हवंय ना, गौरी, की खडकीची बाई ग्लासगोत येऊन लेझरच्या लॅबमध्ये कशी चिकटली, तर ते दोन वाक्यांत होतं. डिप्लोमा केला, पुण्यात भिंगांच्या कारखान्यात काढली काही वर्षं, मग इथल्या विद्यापीठाला काचा आणि आरसे हाताळणारी टेक्निशियन हवी होती, मी अर्ज टाकला आणि वर्क परमिट आलं. हे माझ्या मागनं डिपेंडंट म्हणून आले. सासूबाई म्हणाल्या, ऐकावं ते नवलच, बाई पुढे आणि बाप्या मागे! झालं, संपलं. पण माझं आयुष्य मलिकाशिवाय सांगताच येत नाही, म्हणून तिचंही लिहावं लागेल. तिचं आडनाव नको, विद्यापीठाचं नावही नको.

मलिका म्हणजे डॉक्टर मलिका, आमच्या लॅबची मुख्य. अल्जीरियाची, कॉन्स्टंटीन नावाचं गाव, म्हणायची आमचं गाव दरीच्या दोन्ही अंगांना आणि मध्ये पूलच पूल. तिचे वडील घड्याळजी. डोळ्याला ते छोटं भिंग लावून बसायचे आणि ही लहानपणी ते पळवायची, त्यातून मुंगी बघायची, स्वतःचं नख बघायची. अगं, पहिल्याच आठवड्यात तिनं हे सांगितलं आणि मी म्हटलं, माझे वडील काचा घासायचे, तर ती हातातलं काम ठेवून हसली, म्हणाली, म्हणजे आपण दोघी दुकानदारांच्या पोरी नाही, दुकानातल्या पोरी. तिच्या देशात वाईट दिवस आले, शिकलेल्या माणसांना मारत होते, तेव्हा ती फ्रान्सला गेली, तिथे प्रकाशावर पीएचडी केली आणि मग इथे आली. आई-वडील दोघंही ती इकडे असताना गेले, एकाच्याही मातीला पोचता आलं नाही. हे ती एकदाच बोलली.

आणि काम काय होतं तिचं, तर डोळ्याच्या मागचा पडदा असतो ना, तो लेझरनं बघायचं यंत्र. माणसाला कमी दिसायला लागायच्या आधीच पडद्यावरचा आजार दिसला पाहिजे, हा तिचा ध्यास. मला म्हणायची, सुनंदा, लोक डॉक्टरकडे जातात तेव्हा उशीर झालेला असतो, मला उशीर संपवायचाय. आमच्या दोघींचं इंग्लिश असलं भारी की ग्लासगोचे लोक बोलले की आम्ही एकमेकींकडे बघायचो, तुला कळलं का, नाही, तुला? तिचे रोजे असले की मी तिच्यासमोर खायची नाही, माझी चतुर्थी असली की ती खजूर आणून ठेवायची, हे चालतं ना, विचारायची.

आता डब्याचं सांगते, ते नीट ऐक. लेझरच्या खोलीत चकाकणारं काही न्यायचं नाही. अंगठी, घड्याळ, बांगडी, काही नाही, कारण किरण त्याच्यावर आपटून कुठेही जातो, आणि आमचा किरण तर डोळ्यांना दिसायचासुद्धा नाही. मंगळसूत्र मी कोटाच्या आत गळ्यापर्यंत बटणं लावून ठेवायची, पण हात मोकळे. पहिल्या दिवशी मी बांगड्या काढताना रडले, खरंच रडले, आमच्याकडे भुंडे हात म्हणजे काय ते तुला माहितीये. तर मलिकानं तिच्या आईचं चांदीचं कडं काढलं, शॉर्टब्रेडच्या बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा दाराबाहेरच्या फळीवर ठेवला, आधी आपलं कडं टाकलं आणि म्हणाली, बघ, तुझ्या बांगड्यांना सोबत. तेव्हापासून रोज सकाळी दारात ती विचारायची, टिन? म्हणजे सगळं डब्यात टाकलं ना. मी म्हणायची, टिन. की आत.

मग माझ्या भाचीचं लग्न झालं पुण्यात. आईनं तिच्या दोन पाटल्या आम्हा बहिणींना एकेक वाटून दिल्या, म्हणाली, माझ्या डोळ्यांदेखत घाला. घातली. विमानात हात सुजले, सोमवारी कामावर आले तर पाटली निघेना. साबण लावला, फिरवली, हाड आडवं येत होतं. आणि त्या दिवशी यंत्राची मोठी जुळवणी होती, महिनाभर ठरलेली. मी काय करावं? सरळ सांगायचं, मलिका, निघत नाहीये, मी आज आत येत नाही. एवढंच! पण मी कोण, तर जिच्या नजरेतून काही सुटत नाही ती. पाटली वर सरकवली, कोटाची बाही खाली ओढली आणि वर रबर बँड लावला. दारात ती म्हणाली, टिन? मी म्हटलं, टिन.

तासाभरानं तिनं पाना मागितला. मी टेबलावरून हात लांब केला. किरण जुळवताना गॉगलमधून नीट दिसत नाही म्हणून तिनं गॉगल क्षणभर कपाळावर घेतला होता, घ्यायचा नसतो, पण सगळे घेतात. माझी बाही टेबलाच्या कडेला अडकली, रबर बँड सटकला आणि पाटली उघडी पडली. तिला म्हणे डोळ्यात फट् असा आवाज आला. मला काहीच ऐकू आलं नाही, काही दिसलंही नाही. ती शांतपणे म्हणाली, सुनंदा, बंद कर, आणि उजव्या डोळ्यावर हात ठेवून खाली बसली.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते. मी बंद केलं, लोकांना हाक मारली, ते तिला घेऊन गेले, आणि मी टॉयलेटमध्ये गेले. साबण लावून पाटली ओढली, कातडं सोलून निघालं अंगठ्यापाशी, पण काढली आणि डब्यात नेऊन टाकली, तिच्या कड्याशेजारी. सेफ्टीवाला आला, त्यानं डबा उघडून बघितला, ठीक आहे म्हणाला.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये तिनं माझा हात हातात घेतला. नेमका तोच. सोललेल्या जागेवरून तिचं बोट फिरलं आणि थांबलं. दुसऱ्या दिवशी तिनं अपघाताच्या फॉर्ममध्ये लिहिलं, चूक माझी, मी गॉगल वर घेतला होता, किरण हत्यारावरून उडाला असावा. आम्हाला इथे परमनंट राहायचा शिक्का मिळायला पाच महिने उरले होते, माझ्या नोकरीवर आमचा इथला सगळा संसार उभा होता. तिला ते माहीत होतं. मी गप्प बसले.

तिच्या उजव्या डोळ्याचं मधलं दिसणं गेलं ते गेलंच. तिच्याच यंत्रात तिनं स्वतःचा पडदा बघितला, मला बोलावून दाखवला, हा डाग बघ, किती स्पष्ट आलाय, यंत्र चांगलं झालंय. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. निष्काळजी म्हणून लॅब तिच्याकडून काढून दुसऱ्याकडे दिली, प्रोफेसर व्हायची ती झाली नाही, रिटायर होईपर्यंत पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत राहिली. ते यंत्र आज चालतंय, पण तिचं नाव कोणी घेत नाही.

आणि माझी शिक्षा बघ! दर सप्टेंबरला नव्या मुलांना लेझरच्या सुरक्षेचं लेक्चर टेक्निशियननं द्यायचं. त्यात एक स्लाइड, अपघात झालेल्या एका शास्त्रज्ञाची, नाव नाही, तिनं गॉगल काढला आणि डोळा गमावला. ती स्लाइड मी चौदा वर्षं वाचली. चौदा वेळा तिच्या माथ्यावर खापर फोडलं. आणि दर रविवारी तिच्याकडे चहाला जायची, काय म्हणावं मला!

या सप्टेंबरला एक पोरगी पहिल्या रांगेत बसली होती, लेस्टरची, नवं लग्न झालेली, मेंदी अजून लाल. मी म्हटलं, बांगड्या बाहेर काढायच्या, तर तिनं हळूच बाही खाली ओढली. ती ओढायची रीत मी ओळखते गं. आणि मागून एकानं विचारलं, पण तो किरण आपटला कशावर? चौदा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, माझ्या बांगडीवर. मग सगळं सांगितलं, चाळीस मुलांसमोर, उभ्या उभ्या, इंग्लिशचे तीनतेरा वाजवत. त्या पोरीला म्हटलं, निघत नसेल तर मला सांग, मी ओरडणार नाही. ती रडायला लागली.

ऑफिसात कळलं, पत्र आलं, चौकशी आहे. आणि मलिकाचा फोन आला. मला वाटलं, म्हणेल, बरं केलंस. कसलं काय! असली तापली होती, मी तिचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. मी रडत विचारलं, मलिका, तुला माहीत होतं? ती म्हणाली, जन्मभर मी प्रकाशाचा अभ्यास केला, सुनंदा, माझ्या डोळ्यात तो कुठून आला एवढं मला कळणार नाही? मग म्हणाली, गॉगल मी काढला होता, ते माझं, ते मी निस्तरलं. पण तू दर रविवारी येत होतीस. चहा प्यायचीस, कप धुवायचीस, जायचीस. मी प्रत्येक रविवारी म्हणायचे, आज सांगेल. आणि तू सांगितलंस कोणाला, तर अनोळखी पोरांना. फोन ठेवून दिला.

तीन रविवार मी खाली बेल वाजवली, तिनं दार उघडलं नाही, परत आले. चौथ्या रविवारी, म्हणजे परवाच, लॉकरमधली पाटली काढली आणि हातात घालून गेले. इतकी वर्षं तिला हात लावला नव्हता. म्हटलं, दाखवायचं तर नीट दाखवू. तिनं वरून खालचं दार उघडलं. तीन मजले चढून वर गेले, तर तिच्या दाराबाहेर तोच शॉर्टब्रेडचा डबा, झाकण काढून ठेवलेला. आत तिच्या आईचं कडं. रिटायर होताना घेऊन गेली होती वाटतं.

दाराआडून तिनं विचारलं, टिन?

मी पाटली ओढली. आता मी जाडही झालेय, बोटं धरलीयेत, कसली निघतेय. तशीच उभी राहिले आणि म्हटलं, नाही, मलिका. निघत नाहीये.

तिनं दार उघडलं. मला स्वयंपाकघरात खुर्चीत बसवलं, ऑलिव्हच्या तेलाची बाटली घेतली आणि माझा हात मांडीवर घेऊन तेल चोळायला लागली. तिला उजव्या डोळ्यानं समोरचं दिसत नाही ना, म्हणून मान तिरकी करून बघत होती. दुखलं तर सांग, म्हणाली.

गुरुवारी चौकशी आहे. काय व्हायचं ते होईल, मला आता चौकशीची भीती नाही. तू हे सगळं छाप, माझ्या नावासकट, पण आधी मी मलिकाला वाचून दाखवणार, रविवारी.

आणि बाळा, सुखी राहा. चहा गार झाला की गं तुझा.